इंजिनासाठी प्रार्थना

गोकुळ माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो रांगत होता, म्हणून मीच त्याला वाढवला. माझं लग्न झालं नाही, किंवा मी केलं नाही. लोक दोन्ही म्हणतात. मी बायबलबाई होते. म्हणजे मिशनच्या दिवसांत गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, लिहायला शिकवायचं, बाळंतिणीला ऊन भात करून घालायचा आणि कुणी मेलं तर सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं. घोडेगावपासून डिंगोऱ्यापर्यंत असं एक गाव नसेल जिथलं कुत्रं माझ्यावर भुंकलं नाही. आता गुडघे गेले, लांबचं सगळं धुरकट दिसतं, पण जीभ शाबूत आहे. ती सगळ्यांत शेवटी जाईल, असं गोकुळ म्हणायचा.

आमची वाडी डिंगोऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. ख्रिस्ती घरं मोजकी, सगळी शेतीवाली. चर्च पत्र्याचं, आणि त्याला लागून एक खोली, तिथं मी राहते. पाळकसाहेब जुन्नरहून महिन्याच्या पहिल्या रविवारी लुनावर येतात. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी एका मेजाशी घ्यायचा. बाकीच्या रविवारी उपासना सावळेराम चालवतो. सावळेराम आमच्या चर्चच्या मंडळीचा पंच, आवाज मोठा, टोमॅटोचा मळाही मोठा.

गोकुळनं पिकअप घेतली ती नाताळ झाल्यावर, दोन हजार चार सालच्या तोंडाला. नवी कोरी, पांढरीशुभ्र. आमच्याकडं नव्या गाडीपुढं नारळ फोडत नाहीत, तर ती चर्चच्या अंगणात उभी करून तिच्यावर प्रार्थना करतात आणि गूळ-शेंगदाणे वाटतात. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला. मीही ठेवला. मग गोकुळ पुढं आला, टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांसमोर बोलला, "सहा दिस गाडी माझी. रईवार प्रभूचा. रईवारी हिच्यात भाडं बसणार न्हाई, माल बसणार न्हाई. ज्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना चालवत न्हाई त्यांना मी उपासनेला आणीन."

मी त्याला हे शिकवलं नव्हतं. तो आपण होऊन बोलला, म्हणून तर माझे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात त्यानं पेंटरकडून काचेच्या वर लिहून घेतलं, 'ही गाडी प्रभूची', आणि मागच्या फाळक्यावर, 'रविवार प्रभूचा'. मी दोन्हीवरून हात फिरवला. रंग अजून चिकट होता.

गाडीत सगळ्यांत आधी बसली ती चिमाबाई.

चिमाबाई वरच्या वस्तीवर राहते. राहायची. आम्हा दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, ओल्या केसांनी आम्ही एकाच ताटात जेवलो, आणि तेव्हापासून आमचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलं नाही. ती भात-नाचणीवाली, मुलखाची हट्टी. गाडी यायच्या दोन वर्षं आधी तिचे पाय गेले. वस्तीपर्यंत ट्रॅक्टर जाईल असा कच्चा रस्ता आहे, पण लुना निम्म्यातच दम टाकते. पाळकसाहेब बिचारे म्हणाले होते, "चिमाबाई, मी चालत वर येतो, तुम्हाला खाटेवरच प्रभुभोजन देतो."

"नगं," ती म्हणाली. "लग्नाचं जेवान काय डब्यात घालून घरी धाडत्यात व्हय? मी मेजापाशी येऊन घेईन, समद्यांसंगं."

म्हणून ती तशीच राहिली. दोन वर्षं तिनं प्रभूची भाकर तोंडात घातली नाही, आणि गोकुळची गाडी वस्तीवर गेली तेव्हा ही बाई ठेवणीतलं लुगडं नेसून बांधावर बसलेली होती. गोकुळनं तिला उचलून मागं खुर्चीत बसवली. चर्चसमोर उतरताना ती मला म्हणाली, "साळू, मी रथात बसून आले गं." त्या दिवशी सगळ्यांबरोबर मेजाशी बसून तिनं भाकर घेतली, आणि चघळत राहिली, कितीतरी वेळ.

उन्हाळ्यापर्यंत ती प्रत्येक रविवारी आली. तो काळ माझ्या म्हातारपणाचा सगळ्यांत गोड काळ. मी चार गावांत सांगत फिरले की ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, त्यानं देवाला पहिलं ठेवलं. आता वाटतं, एवढं सांगत सुटायला नको होतं.

मे महिन्यात टोमॅटो तोडायला आला आणि इंजिन बिघडलं.

पहिल्यांदा क्लचप्लेट गेली. शनिवारी संध्याकाळी गोकुळ खोलीवर आला, हात काळे, तोंड बारीक. म्हणाला, "मावशी, गाडी आळेफाट्याला गॅरेजला टाकलीय. उद्या काय व्हत न्हाई. चिमामावशीला सांगावा धाड." मी धाडला. रविवारी उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, गोकुळच्या गाडीसाठी प्रार्थना करा. सावळेरामनं मोठ्या आवाजात प्रार्थना केली. सगळी मंडळी म्हणाली, आमेन.

सोमवारी गाडी नीट झाली. मी म्हणाले, बघा, देव ऐकतो.

पुढच्या शनिवारी गॅस्केट उडालं. त्याच्या पुढच्या शनिवारी रेडिएटर गळायला लागला. त्या इंजिनाला शनिवारी संध्याकाळी ताप चढायचा आणि सोमवारी सकाळी उतरायचा. आता तुम्ही म्हणाल, एवढी पावसाळे बघितलेली बाई, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? आलं की. माझ्या लक्षात आलं की हे सैतानाचं काम आहे. बरोबर रविवारच धरतोय, म्हणजे त्याला वार कळतो. एका म्हातारीला मेजापासून अडवायला तो मेला एवढा खटाटोप करतोय, तर आपणही कंबर कसली पाहिजे. मी बुधवारचा उपास धरला. सगळ्या बायकांना सांगितलं, चूल पेटवताना इंजिनाचं नाव घ्या.

आणि प्रार्थना नेमकी हवी म्हणून मी गोकुळला बसवून विचारून घेतलं, कुठला भाग कुठं असतो ते. ज्या बाईला मिक्सर लावायची भीती वाटते ती मी देवापुढं हेडगॅस्केट आणि इंजेक्टर असले शब्द बोलायला शिकले. "हे प्रभू, ज्यानं कबरेतला माणूस उठवला त्याला एक रेडिएटर जड आहे का?" असं मी म्हणायची आणि मागून मंडळी म्हणायची, आमेन. कुणी हसलं नाही. तेच मला आवडायचं. माझी मंडळी किती गंभीर झालीय, असं वाटायचं.

त्याच दिवसांत सावळेरामनं उपासनेची वेळ बदलली. दहाची होती, साडेसातची केली. "उन्हाचं म्हाताऱ्या माणसांना सोसत न्हाई," म्हणाला. मी त्याचं कौतुक केलं. मग पाऊस आला, उन्हं कुठल्या कुठं गेली, तरी उपासना साडेसातलाच. आणि शेवटचं गीत पुरतं संपायच्या आत बाकं रिकामी. मला वाटलं, पेरणीचे दिवस आहेत, असेल घाई. माणूस ज्याच्यावर विश्वास टाकतो त्याच्यासाठी कारणं स्वतःच शोधतो, समोरच्याला कष्ट पडू देत नाही.

चिमाबाईविना प्रभुभोजनाचे तीन पहिले रविवार असे गेले. पाळकसाहेब मेजावर पांढरं कापड अंथरायचे, माझ्याकडं बघायचे, आणि मी मान हलवायचे.

जुलैच्या शेवटी मला वाटलं, आता बस झालं. आजारी माणसाच्या डोक्यावर आपण हात ठेवून प्रार्थना करतो. मग इंजिनावर का नाही? आपण लांबून नुसतं बोलतोय, सैतान तिकडं गॅरेजात आरामात बसलाय. पहिला रविवार आठवड्यावर आला होता. त्या रविवारी उपासना झाली, मी पिशवीत शास्त्र घातलं आणि एसटीनं आळेफाट्याला गेले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला अडवलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गॅरेज शोधायला वेळ लागला. मिस्त्री गाडीखाली झोपलेला, त्याचे नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना विचारलं, "डिंगोऱ्याकडच्या गोकुळची गाडी कुठंय?"

तो बाहेर आला. "कंची? प्रभूची गाडी? आज्जे, ती हितं न्हाई."

"कालच टाकलीय की. इंजेक्टर गेलाय तिचा."

"कुणी सांगितलं?" तो हसला. "त्या गाडीला काय धाड भरलीय? शिमग्याला आइल बदलाय आली व्हती, त्यानंतर तोंड न्हाई दावलं. लई भारी इंजान हाय. मी तर म्हणतो असं इंजान लाखात एक."

मी म्हणाले, दुसरी गाडी असेल. तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या गाडीवर रईवार लिव्हलाय?"

मला बसायला स्टूल दिलं त्यानं. पाणी दिलं. भला माणूस, त्याला काय माहीत आपण काय केलं. मी उठले आणि चौकाकडं चालायला लागले, एसटी धरायला. तिथं, चहाच्या टपरीसमोर, गाडी उभी होती.

लांबून मला नुसतं पांढरं दिसलं. जवळ गेले तेव्हा दिसलं की ती वरपर्यंत भरलेली आहे. टोमॅटोचे क्रेट, एकावर एक, दोरानं आवळलेले. खालच्या क्रेटमधले टोमॅटो दबून फुटले होते आणि त्यांचं पाणी फाळक्यावरून, 'रविवार प्रभूचा' या अक्षरांवरून, खाली रस्त्यावर ठिबकत होतं.

आमच्याकडं क्रेटवर रंगानं नाव घालतात, बाजारातून रिकामे परत यायचे असतात म्हणून. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. सावळेराम. पुन्हा सावळेराम. मग माझ्या शेजारच्या बाकावर बसतात त्यांचं नाव. मग पेटी वाजवतो त्याचं. मग ती, जी माझ्याबरोबर बुधवारचा उपास धरायची. मी गाडीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले. सगळी मंडळी होती. सकाळी चर्चमध्ये जितकी माणसं होती त्यातली जवळजवळ सगळी त्या गाडीत होती. दोन तासांपूर्वी यांनी माझ्यामागं आमेन म्हटलं होतं, याच इंजिनासाठी, आणि तेव्हा यांचे क्रेट याच गाडीत चढत होते.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या मंडळीचेही डोळे मिटलेलेच होते.

गोकुळ चहाचा ग्लास घेऊन वळला. मला बघून त्याचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. तो लहानपणीही असाच सावरायचा.

"मावशी? तू हितं कशी?"

"इंजिनावर हात ठेवून प्रार्थना करायला आले होते," मी म्हणाले आणि बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गरम होतं. "बरं झालं की रे. चमत्कारच झाला."

"मावशी, ऐक. नारायणगावचा बाजार हाय. सीझन दोन-तीन महिन्यांचाच असतो. भाव आज हाय तो उद्या न्हाई. चिमामावशीला आणायचं, परत पोचवायचं, त्यात सकाळ जाती, तवर क्रेट कोण गोळा करणार? सीझन उलगडला की दर रईवारी आणतो तिला. देव कुठं पळून चाललाय?"

"देव नाही चालला. चिमा चाललीय. तिचं वय काय, ताकद काय!"

तो क्रेटची दोरी ओढून बघायला लागला.

"आणि मला खोटं का सांगितलंस? नाही जमत असं म्हणाला असतास तर मी तुला काय फाशी दिली असती?"

"तुला वाईट वाटंल म्हणून," तो म्हणाला. "समदेच म्हणले, बाईला कळू देऊ नगा. तिच्या जिवाला लागंल. सावळेरामतात्याच म्हणला, गाडी बिघडली म्हण, एकदा-दोनदाच तर सांगायचंय. मग तूच प्रार्थना लावल्यास. मग आमी काय करणार?"

म्हणजे दोष माझ्या प्रार्थनेचा. मला इतका संताप आला की तिथंच रस्त्यात त्याच्या मुस्काटात मारावी असं वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं, याच्या अंगावरचा शर्ट ओला आहे, घाम पुसून मग चहा प्यायला पाहिजे. वाढवलेल्या पोराचं हेच वाईट. त्यानं केसानं गळा कापला तरी आपण त्याचे केस विस्कटलेत का ते बघतो.

"पुढचा रविवार पहिला आहे," मी म्हणाले. "पाळकसाहेब येणार."

"पुढच्या रईवारी मी सोता तिला आणतो. येशूची शप्पत."

"शपथ घेऊ नको. एकदा घेऊन झालीय तुझी, अंगणात. नुसतं हो म्हण."

"हो," तो म्हणाला.

आणि त्या एका 'हो'वर मी आठवडाभर तोंड शिवून बसले. सावळेरामला बोलले नाही, बायकांना बोलले नाही. पाण्यावर भेटल्या तर हसून विचारायच्या, "इंजान कसंय बाई?" मी म्हणायची, बरं आहे. त्यांना वाटायचं, म्हातारी अजून भाबडी आहे.

मंगळवारी मी वस्तीवर गेले. अर्धा दिवस गेला चढायला. चिमाबाई बांधावर बसली होती, पाय पसरून, अंगावर घोंगडी. खूप वाळली होती. मी शेजारी बसले. तिथून खालचा ओतूरकडं जाणारा रस्ता सगळा दिसतो, म्हणजे डोळे असतील त्याला. चिमाबाईचे पाय गेले पण नजर घारीची होती.

"या रविवारी तुला मेजाशी यायचंय," मी तिला सांगितलं. "गोकुळ येतोय."

"यील, यील," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं, माझी पाळी यील."

"म्हणजे?"

"अगं, मला दिसती की हितनं त्याची गाडी. दर रईवारी जाती. पांढरी. भरून जाती. माणसांनी सांगावा आणावा गाडी मोडलीय म्हणून, आन् मला तर जाताना दिसती. मग मी म्हणलं, लेकराला लाज वाटत आसंल सांगाया. माझ्यापरीस पांगळी माणसं आसतील कुठं कुठं, त्यांना आणत आसंल आधी. आपली पाळी आली की यील. मी आपली दर रईवारी लुगडं नेसून बसती. न जाणो, एखाद्याची जागा रिकामी राह्यली तर."

तिला सगळं दिसत होतं, आणि त्यातलं तिनं हे बघितलं.

मी बोलले असते तर रडले असते, आणि चिमाबाईपुढं रडायचं म्हणजे तिला कारण सांगावं लागतं. मी तिचे पाय दाबले आणि अंधार पडायच्या आत खाली उतरले.

रविवार आला. पाळकसाहेब वेळेवर आले, मेजावर कापड अंथरलं, भाकर आणि द्राक्षरस मांडला. मी दारात उभी राहिले. पहिलं गीत झालं. दुसरं झालं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, एक एसटी गेली. माझा जीव त्या रस्त्यावर होता आणि कान इंजिनावर. तो आवाज मला ओळखू येतो, महिनाभर गोकुळला विचारून विचारून शिकले होते ना सगळं.

तो आला नाही.

आठवडाभर टोमॅटोचा भाव चढत होता, हे मी ऐकलं होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यानं हो म्हटलं होतं.

प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ झाली. सावळेराम उठला, घसा साफ केला. "गोकुळची गाडी पुन्यांदा बिघडलीय," म्हणाला. तेही माझ्याकडं बघत. "आपल्या बाई तिच्यासाठी नेमानं प्रार्थना करत्यात. आजबी बाईंनीच करावी."

मी पुढं गेले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

"हे प्रभू," मी म्हणाले, "या मंडळीनं उन्हाळ्यापासून तुझ्याकडं एक इंजिन मागितलं. तू ते मागायच्या आधीच दिलं होतंस. मी आळेफाट्याला त्याच्यावर हात ठेवला. ते गरम होतं, चांगलं चालत होतं, आणि त्याच्या पाठीवर या मंडळीची नावं होती. ती मी वाचली. वरच्या वस्तीवर तुझी एक म्हातारी लुगडं नेसून बसलीय. आम्ही तिला सोडून टोमॅटो घेऊन गेलो आणि तुझ्यापुढं डोळे मिटून खोटं बोललो. आता माझं मागणं उलटं आहे. ते इंजिन बंद पाड. आज पाड. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

सवयीनं म्हणाली. येशूच्या नावानं ऐकलं की आमेन आपोआप तोंडातून बाहेर पडतं, जांभई यावी तसं. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. कुणी खाली बघितलं, कुणी पत्र्याकडं. माझ्याबरोबर उपास धरणारीनं पदर तोंडाला लावला. पेटी वाजवणाऱ्यानं उगाच पेटीचं झाकण लावलं.

पाळकसाहेब सावळेरामकडं वळले. "हे खरं आहे का?"

सावळेराम म्हणाला, "साहेब, माल झाडावर थांबत न्हाई. तुमी पगारदार माणूस, तुमाला न्हाई कळायचं. आन् आमी काय चर्च सोडलंय का? दर रईवारी हितंच असतो की."

पाळकसाहेबांनी मेजावरचं कापड चारी टोकांनी दुमडलं, त्यात भाकर आणि बाटली बांधली. तरुण माणूस, गाठ घट्ट मारून म्हणाले, "चिमाबाईंना सगळ्यांबरोबर जेवायचं होतं. मग सगळे वस्तीवर जाऊ. मेज तिथं मांडू. चला."

बाकांवर चुळबूळ झाली. कुणीतरी मनगट वळवून घड्याळ बघितलं. शेवटी सावळेरामच म्हणाला, अगदी मायेनं, "तुमी व्हा म्होरं साहेब. आमी आलोच मागनं."

मी आयुष्यभर हे वाक्य ऐकलंय. लोक मयताला असं म्हणतात, लग्नाला म्हणतात. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. तरी मी लुनावर मागं बसताना एकदा वळून बघितलं, आणि निम्म्या वाटेत लुना थांबली, आम्ही चालायला लागलो, तेव्हाही प्रत्येक वळणावर वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

चिमाबाई बांधावर होती. ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल. आम्हाला चालत येताना बघून तिनं आमच्या मागं नजर टाकली.

"बाकीची?"

"येतायत म्हणाले," पाळकसाहेब म्हणाले.

"मग थांबू की. समदी आल्याबिगर कसं जेवायचं?"

आम्ही थांबलो. पाळकसाहेबांनी एका सपाट दगडावर कापड अंथरलं. ऊन आलं, ढग आले, पुन्हा ऊन आलं. चिमाबाई वाटेकडं बघत होती. मग तिची मान हळूहळू खाली, मोठ्या रस्त्याकडं वळली.

"साळू," ती म्हणाली, "गोकुळची गाडी दिसती गं."

मी उठून उभी राहिले. "इकडं येतीय?"

"न्हाई. उभी हाय. रस्त्याच्या कडंला. त्वांड उघडं टाकलंय तिचं, पुढचं झाकण. धूर निघतोय. गोकुळ टावेल हलीवतोय बग वर." तिनं डोळ्यांवर हात धरला. "खरंच बिघडलं की गं इंजान. लेकरू एकलंच हाय. ऊन बी हाय."

मला काही दिसत नव्हतं. हिरवं आणि करडं, आणि त्यात कुठंतरी एक पांढरा ठिपका, असलाच तर. धूर होता की नुसती वाफ, ते मला आजही सांगता यायचं नाही. पाळकसाहेबांनी बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"साहेब, आता नगं थांबाया," चिमाबाई म्हणाली. "समदी तिकडं त्याच्या मदतीला गेली आसतील. म्हणून तर आली न्हाईत. द्या मला."

त्यांनी भाकर मोडली. आम्ही तिघांनी घेतली. तिनं डोळे मिटून घास खाल्ला, ओठ पुसले, आणि मग हात जोडले.

"परभू," ती म्हणाली, "माझ्या गोकुळची गाडी नीट कर. त्याला रागं भरू नगंस. लई म्हाताऱ्या माणसांना आणलंय त्यानं तिच्यातनं. येशूच्या नावानं मागती. आमेन."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

मग दोघंही माझ्याकडं बघत राहिले.

चिमाबाई त्याच दिवाळीच्या आधी गेली. गोकुळनं गाडी धुऊन पुसून आणली, तिची शवपेटी त्यातूनच स्मशानभूमीत नेली. दिवस रविवारचाच होता आणि इंजिन छान चाललं. तेव्हापासून तो नाताळला येतो, दारात उभा राहतो, विचारतो, "मावशी, अजून राग हाय का?" मी त्याला चहा करून देते. आलं घालून, त्याला आवडतो तसा.

पण ते आमेन मी अजून म्हटलेलं नाही.